गढीची माती कुणाची?

यंदा मे महिन्यात चुलतभावाच्या मुलीच्या शादीसाठी गावी गेलो होतो. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात. एसटीतून उतरलं की आधी गढीचा बुरूज दिसायचा आणि मग गाव. माझ्या लहानपणी चारपैकी दोन बुरूज उभे होते. यंदा उतरलो तेव्हा एकच होता. दुसऱ्याच्या जागी ताजा खड्डा, कडेला जेसीबी आणि पांढऱ्या मातीनं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली.

ट्रॅक्टरवरचा मुलगा ओळखीचा निघाला. त्याला विचारलं, ‘माती कुठं चालली?’ तो म्हणाला, ‘शेतात टाकाले नेऊन राह्यलो, चाचा. लय ताकद हाय या मातीत.’ मी म्हणालो, ‘अरे बाबा, हा बुरूज होता.’ त्यावर तो हसला. ‘मातीच तं हाय. सोनं थोडीच हाय?’

त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. तो चुकीचं काम करत होता असंही त्याला वाटत नव्हतं, आणि गावात कुणालाच वाटत नव्हतं. त्या रात्री मांडवात बसून मी पाच-सहा जणांकडे विषय काढला. ‘पडीकच होती’, ‘साप निघायचे’, ‘देशमुखांच्या पोरांनीच सांगितलं, घेऊन जा म्हणून’ अशी उत्तरं आली. मग जेवणं वाढली गेली आणि विषय संपला.

माझ्या मनातून मात्र तो गेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

गढी म्हणजे काय

विदर्भ-मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. किल्ला डोंगरावर असतो, राजाचा असतो. गढी गावात असते. ती देशमुख, देशपांडे, पाटील, काझी किंवा जहागीरदाराची असते. खाली दोन-चार थर दगडाचे, कधी विटांचे, आणि त्यावर सगळी माती. भिंत पायथ्याशी इतकी रुंद की तिच्या पोटात खोली मावावी, आणि वर जाताना निमुळती होत गेलेली. कोपऱ्यांवर गोल बुरूज. एकच मोठा दरवाजा, त्यात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी, आत पहारेकऱ्यांची देवडी. मधल्या चौकात आड, धान्य साठवायला जमिनीखाली पेव, भिंतीत बळद. वेढा पडला तरी काही दिवस आतल्या पाण्यावर आणि धान्यावर निघावेत, असा सगळा हिशेब.

आणि ही माती कुठलीही नाही. ती पांढरी माती. मराठीत ‘काळी’ म्हणजे शेत आणि ‘पांढरी’ म्हणजे गाव. सातबाऱ्यावर नसला तरी हा फरक जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून आहे. जिथं शेकडो वर्षं माणसं राहिली, चुली पेटल्या, राख सांडली, शेण-गवत कुजलं, घरं पडली आणि त्यावर पुन्हा घरं उठली, तिथली माती पांढुरकी होते. ती चिकट असते, दाबली की दगडासारखी बसते, धाब्याच्या छतावर टाकली तर पाणी झिरपू देत नाही. शेतात टाकली तर पीक जोमानं येतं. ट्रॅक्टरवाला मुलगा ‘ताकद’ म्हणाला ती हीच.

पुरातत्त्ववाले महाराष्ट्रात फिरतात तेव्हा आधी अशी पांढरीची टेकाडं शोधतात. आपल्याच जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केलं, तेव्हा विटांचा बौद्ध स्तूप आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या नांदत्या गावाच्या खुणा निघाल्या. तेच भोन जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येतं. म्हणजे गढीची भिंत तीन-चारशे वर्षांची असेल, पण ती ज्या मातीची आहे ती त्याहून कितीतरी जुनी असू शकते. जेसीबीचं एक बकेट उचललं जातं तेव्हा देशमुखाचा बुरूज तर जातोच, त्याच्या आधीचं गावही जातं.

आमच्या घरावरही तीच माती

इथं एक कबुली द्यायला हवी. मी ट्रॅक्टरवाल्याला दोष देऊ शकत नाही, कारण आमचं जुनं घर धाब्याचं होतं आणि त्यावर गढीचीच माती होती. मृग लागायच्या आधी दादी आम्हा पोरांना घमेली देऊन पिटाळायची. पडलेल्या बुरुजाच्या ढिगातून माती आणायची, खडे वेचायचे, पाण्यात भिजवून छतावर पसरायची. सगळी गल्ली हेच करायची. आमच्या शेजारचे कुणबी, पलीकडचे तेली, खालच्या आळीतले मोमीन, सगळ्यांच्या छतावर एकाच गढीची माती. त्या अर्थानं गढी कधीच गावावर वाटली गेली होती.

पण दादीचा एक नियम होता. ‘गिरी हुई मट्टी लेना, खडी दीवार को हात नक्को लगाना.’ त्याचं कारण विचारलं की ती गढीच्या कोपऱ्यातल्या सय्यदबाबांकडे बोट दाखवायची. तिथं एक लहानशी मजार आहे. जुमेरातला तिथं दिवा लागायचा. दिवा लावणाऱ्यांत आमच्यापेक्षा शेजारच्या काकूच जास्त. बाबांना खडी भिंत पाडलेली चालत नाही, असा समज होता. देशमुखांच्या वाड्यात याच गोष्टीची दुसरी आवृत्ती होती. तिथं बाबांच्या जागी पेवात बसलेला, हंड्यावर पहारा देणारा नाग होता. दोन्ही गोष्टींचा परिणाम एकच. कुणी उभ्या भिंतीला पहार लावत नसे.

हंड्याच्या गोष्टीनं नुकसानही केलं. गुप्तधनासाठी रात्री खड्डे खणणारे गावोगाव झाले. तरी पहारीनं खणलेला खड्डा आणि जेसीबीनं उचललेला बुरूज यांत फार अंतर आहे. घमेल्यानं शंभर वर्षांत जेवढी माती नेली नसेल, तेवढी यंत्रानं दोन दिवसांत नेली.

ही भिंत का उभी राहिली

वऱ्हाडचा इतिहास शाळेत शिकवतात तो फार थोडा. खरं तर हा प्रदेश कायम रस्त्यात होता. उत्तरेतून दख्खनमध्ये उतरणाऱ्या फौजा बऱ्हाणपूर सोडून घाट चढल्या की याच जिल्ह्यातून जात. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला १४३७ मध्ये बहामनी सरदार खलफ हसन आणि खानदेशचा नासीर खान यांच्यात लढाई झाली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथंच पुन्हा निजामशाहीतल्या गटांमध्ये तलवारी निघाल्या. खुदावंद खान महदवीनं १५८२ मध्ये तिथं बांधलेली दगडी मशीद आजही पाहायला मिळते. पुढे वऱ्हाड अकबराकडे गेलं, आणि मेहकर हे मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार झालं. १७२४ मध्ये सिंदखेडराजाजवळच्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कनं मुबारिझ खानाचा पराभव केला. हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया या लढाईत पक्का झाला, आणि गावाचं नाव बदलून ‘फतेहखेर्डा’ ठेवलं गेलं.

त्यानंतर आली दोअमली. निजाम आणि नागपूरकर भोसले, दोघेही वऱ्हाडात वसुली करत. गावानं एकाला दिलं की दुसरा दारात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पेंढाऱ्यांच्या टोळ्या घोड्यांवरून यायच्या आणि धान्य, गुरं, बायकांच्या अंगावरचे दागिने घेऊन जायच्या. त्यांना वेढा घालायला वेळ नसे. ज्या गावाला भक्कम दरवाजा आणि उंच भिंत, ते गाव सोडून ते पुढच्या गावाला जात. गढीचं काम एवढंच. शत्रूला हरवायचं नाही, दोन-तीन दिवस थांबवायचं.

म्हणून गढीच्या भिंतीत कुठल्या राजवंशाची कहाणी शोधायला गेलं तर निराशा होते. तिच्यात भेदरलेल्या गावांची कहाणी आहे. ती भीती हिंदूही नव्हती आणि मुसलमानही नव्हती. भिंतीआड गुरं हाकताना मोमिनाची बकरी आणि पाटलाची म्हैस एकाच दिंडीतून आत गेली असणार.

आयर्लंडच्या मातीच्या गढ्या

माझा एक भाचा आयर्लंडमध्ये नोकरीला आहे. बुरुजाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला, तर त्याचं उत्तर आलं, ‘मामू, ये देखो, अपनी गढी जैसाच है.’ सोबत एक फोटो होता. हिरवंगार कुरण, मधोमध मातीचा गोल उंचवटा, त्यावर काटेरी झुडपं आणि आत चरणाऱ्या गायी. मला त्यात गढीसारखं काही दिसेना. मग वाचत गेलो.

इंग्रजीत त्यांना रिंगफोर्ट म्हणतात, तिकडच्या भाषेत रॅथ. साधारण पाचशे ते हजार या सनांच्या दरम्यान, म्हणजे आपल्याकडे चालुक्य-राष्ट्रकूटांच्या काळात, तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्या घराभोवती गोल खंदक खणला, त्याचीच माती आत ढकलून बांध घातला आणि वर कुंपण केलं. बहुतेक रॅथ तीसेक मीटर व्यासाचे. आत एक-दोन घरं, रात्री गुरं. तिकडे संपत्ती गुरांत मोजत आणि एकमेकांची गुरं पळवणं हा नेहमीचा उद्योग. लढाईसाठी हे बांध फारसे उपयोगी नव्हते. रात्रीत आलेल्या चोरट्यांना थोपवण्यापुरते होते. थोडक्यात, राजाचा किल्ला नाही, गावच्या माणसाची गढी. अशा सुमारे ४५ हजार जागा त्या लहानशा देशात असाव्यात, असा अंदाज आहे. आयर्लंड बेटाचं एकूण क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

हजार वर्षं मातीचे बांध टिकले कसे? याचं उत्तर वाचून मला दादी आठवली. लोकांचा समज असा की या गोलांत पऱ्या राहतात. बांध फोडला, आतलं झाड तोडलं, तर घरात आजार येतो, गुरं मरतात. शेतकरी नांगर घेऊन यायचा आणि गोलाला वळसा घालून जायचा. ना पहारेकरी, ना पाटी. नुसती एक गोष्ट, आजीनं नातवाला सांगितलेली.

विसाव्या शतकात ट्रॅक्टर आले, बुलडोझर आले, आणि पऱ्यांची भीती ओसरली. तिकडेही हजारो रॅथ सपाट झाले. पण भीती गेली तेव्हा मागून कायदा आला होता. १९३० चा राष्ट्रीय स्मारक कायदा होता, त्यात पुढे सुधारणा होत गेल्या. १९९४ च्या दुरुस्तीनं एक फार साधी गोष्ट केली. ज्ञात असलेल्या प्रत्येक जुन्या जागेची नकाशासह जिल्हावार यादी केली आणि सांगितलं, या जागी काहीही काम करायचं असेल तर दोन महिने आधी सरकारला लेखी कळवा. जमीन शेतकऱ्याचीच राहिली. गायी चरायच्या थांबल्या नाहीत. यादी सगळ्यांसाठी खुली, आज घरबसल्या नकाशावर बोट ठेवून पाहता येते. शेतीच्या पर्यावरण योजनांत अनुदान देताना अशा जागा सांभाळणं हीही एक बाब धरली गेली. २०१२ मध्ये केरी परगण्यातल्या एका शेतकऱ्याला रॅथ सपाट केल्याबद्दल न्यायालयानं २५ हजार युरो दंड ठोठावला.

तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही. दंड झाला म्हणजे रॅथ गेलाच होता. तरी फरक लक्षात घ्या. त्यांच्याकडे गोष्ट संपली तेव्हा कायद्यानं जागा घेतली. आपल्याकडे सय्यदबाबांचा धाक गेला, नाग गेला, आणि त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. आपल्या कागदोपत्री गढीच्या मातीला एकच नाव आहे, गौण खनिज. ती मोजायची ब्रासमध्ये.

कुणाच्याच खात्यात नसलेला वारसा

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, महाराष्ट्राचा १९६० चा आहे. आपल्या जिल्ह्यात रोहिणखेडची मशीद, लोणारची मंदिरं, सिंदखेडराजातली लखुजीराव जाधवांची समाधी अशी नावं संरक्षित यादीत आहेत. २०२४ च्या जूनमध्ये या समाधीच्या डागडुजीच्या वेळी जमिनीखाली शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली, आणि सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत सिंदखेडराजा झळकलं. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातले ११ आपल्या राज्यातले. मला याचा मनापासून आनंद झाला.

पण गढी या कशातच बसत नाही. ती मंदिर नाही आणि मशीदही नाही. शिवरायांचा किल्ला नाही, निजामाचा महालही नाही. ज्या वारशामागे समाज उभा राहतो, जयंती भरते, पुढारी येतात, त्याला निधी मिळतो. गढीमागे कोण उभं राहणार? मालकाचे वारस पुण्यात, नागपुरात. गावाला तिच्याबद्दल ना अभिमान ना राग.

यात आपल्या समाजाचाही वाटा आहे, हे मी मुस्लिम वाचकांना स्पष्ट सांगू इच्छितो. आपण वारसा म्हटलं की मशीद, दर्गा, कब्रस्तान आणि फार तर औरंगाबाद-बिजापूरच्या इमारती एवढंच मोजतो. सात पिढ्या ज्या गावात गेल्या, त्या गावाची वेस, बारव, गढी, पार हे आपलं वाटत नाही. मग कुणी उठून ‘तुमचं इथं काय आहे?’ असं विचारलं की आपण ताजमहाल आणि लाल किल्ला दाखवतो. बुलढाण्याच्या मोमिनाचा ताजमहालाशी काय संबंध? त्याचा संबंध गढीशी आहे. तिच्या भिंतीआड त्याच्या पणजोबानं जीव वाचवला, तिच्या मातीखाली त्याची आई झोपली, तिच्या सावलीत त्याचा माग चालला.

आणि मराठा, कुणबी, ब्राह्मण बांधवांनाही हेच सांगायचं आहे. लखुजीराव जाधव निजामशाहीचे सरदार, मधल्या काळात मोगलांकडेही गेलेले, आणि १६२९ मध्ये देवगिरीच्या दरबारात निजामशहाच्याच हुकमानं मारले गेलेले. हा इतिहास आजच्या दोन रंगांत मावत नाही. गढ्यांचा तर मुळीच मावत नाही. काझीच्या गढीचे पहारेकरी हिंदू, देशमुखांच्या गढीच्या बुरुजात पीर. राज्यघटनेच्या ५१ अ कलमात संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हटलं आहे. हे संमिश्र म्हणजे काय, ते भाषणात सांगण्याऐवजी पोरांना एखाद्या गढीत नेऊन दाखवता येईल. जोवर ती उभी आहे तोवर.

‘पडली तर बरंच झालं’

मांडवातल्या त्या चर्चेत एक आवाज वेगळा होता. बौद्धवाड्यातले एक आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, अब्बांचे जुने दोस्त. ते म्हणाले, ‘मास्तर, तुमाले वाईट वाटते ते ठीक हाय. पन त्या गढीचा एक एक थर आमच्या बापजाद्यानं वेठीनं रचला. माती मयाची त्यायनं, पानी भराचं त्यायनं, अन् पेंढारी आले का दरवाजा लागला. आमी बाहेरच. पडली तं बरंच झालं.’

मी गप्प झालो. यावर चटकन देण्यासारखं उत्तर नसतं. वर मी मोमिनाची बकरी आणि पाटलाची म्हैस एकाच दिंडीतून आत गेल्याचं लिहिलं. आजोबांच्या पूर्वजांना त्या दिंडीतून वाट मिळाली नाही, हे त्याच वाक्याशेजारी लिहिलं पाहिजे. गढीत सारा वसूल झाला, वेठ घेतली गेली, माणसं उभी केली गेली. ती उभी ठेवायची म्हणजे देशमुखीचा गौरव करायचा, असं कुणाला वाटलं तर चूक नाही.

तरी रात्रभर विचार करून मी सकाळी त्यांच्या ओट्यावर गेलो आणि एवढंच म्हणालो, ‘बाबा, देशमुखांचं नाव कागदावर आहे, सनदेत आहे. ती भिंत राहिली काय, गेली काय, त्यांचं नाव राहील. तुमच्या बापजाद्यांचं नाव कुठंच नाही. त्यांच्या हाताची खूण फक्त त्या भिंतीत आहे.’ आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘चाल, दाखवतो.’ काठी टेकत ते उरलेल्या बुरुजापाशी आले. पाणी कुठल्या वाटेनं यायचं, माती मळायचा खड्डा कुठं होता, मळताना त्यात काय काय घालायचे, वडिलांकडून ऐकलेलं सगळं त्यांनी सांगितलं. देशमुखांच्या एकाही वारसाला यातलं काही सांगता आलं नसतं.

गढी जपायची ती यासाठी. मालकाची शान म्हणून नाही. कुणी बांधली, कोण आत राहिलं, कुणाला बाहेर ठेवलं, हे तिच्याकडे बोट दाखवून सांगता यावं म्हणून.

करता काय येईल

हे सगळं भावनेचं झालं. व्यवहाराचं बोलतो.

प्रत्येक गढी केंद्राच्या यादीत टाका, असं मी म्हणणार नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर निर्बंध आहेत. गावठाणाच्या मधोमध असलेल्या गढीला हा नियम लावला तर अर्ध्या गावाला घरकुल बांधता येणार नाही. मग लोक स्वतःच रातोरात गढी सपाट करतील. धाकानं जपणूक होत नाही, उलट घाई होते.

आपल्याला हवी आहे ती आयर्लंडसारखी मधली वाट. आधी यादी. एका गढीला एक पान पुरेल. जागा, लांबी-रुंदी, किती बुरूज उभे, आत काय आहे, जमीन कुणाच्या नावावर, चार बाजूंनी फोटो, आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला काय आठवतं ते. जिल्हा परिषदेच्या शाळांमधले शिक्षक आणि महाविद्यालयांचे इतिहास विभाग मनावर घेतील तर एका तालुक्याचं काम एका उन्हाळ्यात होईल. मी आयुष्यभर शिक्षकी केली आहे, मुलं हे काम किती आवडीनं करतात ते मला ठाऊक आहे.

दुसरं, सूचनेची अट. यादीतल्या गढीवर यंत्र लावायचं असेल तर राज्याच्या पुरातत्त्व खात्याला दोन महिने आधी कळवायचं, आणि गौण खनिजाचा परवाना देताना ती यादी समोर ठेवायची. त्या दोन महिन्यांत खात्याचा माणूस येईल, निदान मोजमाप आणि फोटो तरी होतील. तोवर ग्रामसभेला एक ठराव करता येतो. पडलेली माती घमेल्यानं न्या, उभ्या भिंतीला यंत्र लावू नका. म्हणजे दादीचाच नियम.

तिसरं, डागडुजी. मातीच्या भिंतीचा खरा शत्रू पाऊस, आणि तोही डोक्यावरून येणारा. वरचा थर शाबूत असेल तर भिंत शतकं उभी राहते. तो गेला की चार पावसाळ्यांत घळी पडतात. पिंपळाचं रोप कोवळं असताना उपटा, पायथ्याचं पाणी चर काढून बाहेर द्या, वरून त्याच पांढऱ्या मातीचा लेप द्या. मात्र सिमेंट लावू नका. सिमेंट मातीतला ओलावा आत कोंडतं आणि वरून चकचकीत दिसणारी भिंत आतून फुगून ढासळते. ज्यांना मातीकाम येतं अशी माणसं गावात अजून आहेत. रोजगाराच्या कामांत हे काम बसवता आलं तर त्यांना मजुरीही मिळेल. त्यांच्या पूर्वजांना ती मिळाली नव्हती.

मालकांच्या वारसांना खलनायक ठरवूनही भागणार नाही. त्यांच्यासाठी गढी म्हणजे पन्नास हिस्सेदारांचा न सुटणारा दावा. डागडुजीला थोडी मदत आणि हक्काला धक्का नाही एवढी हमी मिळाली, तर बरेच जण तयार होतील.

परत निघायच्या आदल्या दिवशी मी शादीच्या घरातली चार पोरं गोळा केली आणि टेप घेऊन उरलेला बुरूज मोजला. ट्रॅक्टरवाला मुलगा लांबून पाहत होता. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस कमी पडला तेव्हा तो आपणहून आला. बुरुजाचा पायथ्याचा घेर मोजून झाल्यावर त्यानं आकडा दोनदा विचारला. ‘एवढा मोठा होता का?’ म्हणाला. शेजारच्या खड्ड्याकडे त्यानं एकदा पाहिलं, पण त्यावर काही बोलला नाही. मीही विषय काढला नाही.

आमच्या गढीचं एक पान तयार झालं आहे. तुमच्या गावात गढी असेल तर यंदाच्या पावसाआधी तिचंही एक पान करून ठेवा. फोटो काढा, पावलांनी का होईना पण मोजा, आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारी तासभर बसा. मातीची भिंत पडली तर तीच माती घेऊन पुन्हा रचता येते. ती सांगणारा माणूस गेला तर मात्र काही रचता येत नाही.